तातडीची मदत हवी: कोल्हापूर, दीड दिवस. काय बघायचं, कुठे जेवायचं?

धांदलबाई
नमस्कार. येत्या शनिवार-रविवारी कोल्हापूरला चाललोय. तिकिटं झाली, हॉटेल झालं, बाकी काहीच ठरलेलं नाही. जुने धागे चाळले, निम्म्यांत फोटोच दिसत नाहीत. मला दोनच गोष्टी हव्यात. पन्हाळा की खिद्रापूर? आणि चांगलं जेवण कुठे मिळेल? कृपया "गूगल कर" सांगू नका. केलं. तिथे सगळ्यांनाच साडेचार तारे आहेत. जरा लवकर सांगा, उद्या गाडी ठरवायची आहे.

तिकटीवरचा
या की! पण ताई, किती जण येतासा, बरोबर म्हातारं-कोतारं कोण हाय का, मटण चालतंय का नाही, हे सांगितल्याबिगर आम्ही काय सांगायचं?

दोन_भाकरी
तांबडा-पांढरा. प्रश्न संपला.
फक्त एक सांगतो. पांढरा रस्सा हायवेवर पिऊ नका. मागच्या वर्षी एका झगमगीत हॉटेलात वाटीत चक्क कॉर्नफ्लॉवरचं पाणी आलं होतं, वर दोन मिरे तरंगत होते. खरा पांढरा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. हळद नाही, लाल तिखट नाही. जिथे वाटी संपायच्या आत वाढपी परत येऊन ओततो, ते हॉटेल बरोबर. पद्मा गेस्ट हाऊसला जा, देहातीला जा, गर्दी बघून ठरवा.

बॅकवॉटर
दीड दिवसासाठी एवढा प्रवास कशाला? त्यात दोन दिवस घाला आणि आंबोलीमार्गे गोव्याला उतरा. आम्ही तसंच केलं. आंबोलीत राहण्याची छान सोय आहे, सांगू का?

धांदलबाई
गोवा विचारलेलं नाही.
सहा जण आहोत. मी, नवरा, मुलगा (सहा वर्षं), नणंद, सासू-सासरे. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरणार, रविवारी रात्री त्याच गाडीने परत. मटण चालतं. म्हणजे काहींना.

दोन_भाकरी
शनिवार सकाळ ते रविवार रात्र म्हणजे पुरते दोन दिवस झाले. दीड कुठून आला?

धांदलबाई
रविवारी मुलगा दहापर्यंत उठत नाही.

खांबमोज्या
खिद्रापूर. डोळे झाकून खिद्रापूर. (तिथे गेल्यावर उघडा.)
कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि वर छताला गोल भोक. मधल्या गोल दगडावर उभं राहून वर बघायचं, आभाळाची थाळी दिसते. कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या भोकावर येतो म्हणून रात्री गर्दी होते. तुम्हाला तीन दिवस उशीर झाला, असो. पायथ्याला हत्तींची रांग आहे, मुलाला मोजायला लावा, अर्धा तास निवांत जातो. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. का नाही, त्याची गोष्ट तिथला कोणीही सांगेल आणि प्रत्येक जण वेगळी सांगेल. येताना नरसोबाच्या वाडीला थांबा, दत्तदर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी. अर्धा दिवस सार्थकी.

तटावरून
अर्धा दिवस? कोल्हापूरपासून साठेक किलोमीटर, वाटेत उसाच्या ट्रॉल्या. हंगाम सुरू झालाय. एका ट्रॅक्टरमागे अडकलात की स्वर्गमंडप राहिला बाजूला. पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे आणि गाडी थेट गडावर जाते. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, अंबरखान्याची गंगा-यमुना-सरस्वती ही धान्याची कोठारं. १६६० च्या वेढ्यात महाराज इथे अडकले होते, इथूनच पावसाळी रात्री विशाळगडाकडे निघाले. आता तर जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. यापुढे काय बोलायचं?

खांबमोज्या
वारशाच्या यादीत आहे म्हणून गडावरच्या भेळेच्या गाड्या आणि घोडेवाले गायब झालेत का?

तटावरून
तुमच्या देवळात मोबाईलवर रील करणारे गायब झाले की सांगा.

उंबरा
धांदलबाई, एक साधा प्रश्न. सासू-सासऱ्यांचे गुडघे कसे आहेत? जोतिबाला कोणी न्यायला सांगेल तर आधीच सांगते, पायऱ्या आहेत. उतरताना काही वाटत नाही, चढताना आठवतात.

धांदलबाई
सासूबाईंचे गुडघे वाईट. सासरे ठणठणीत आहेत, माझ्यापेक्षा भरभर चालतात. हे आधी लिहायला हवं होतं का?

तिकटीवरचा
आता बघा, महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमाराला लागतीया. आंघोळ-बिंघोळ करा, तासाभरात फडतरेची मिसळ. उशिरा गेलासा तर संपली म्हणून परत येतासा. आणि एक, पाव मागू नका. हिकडं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाईस येत्यात.

गोदाकाठ
मिसळीबरोबर ब्रेड? तिथेच विषय संपला. नाशिकला या, मिसळ म्हणजे काय ते दाखवतो. पापड, गुलकंद, द्राक्षाच्या मळ्यात खाट.

तिकटीवरचा
खाट मिसळीला लागतीया का झोपायला? आमच्यात कट प्यायल्यावर झोप लागत न्हाई.

पेठेतला
दोन्हीकडे नुसतं तिखट. मिसळीत पोहे हवेत.

तिकटीवरचा
हे झालं आता. पोहेवाला आला.

उंबरा
मिसळीचे तीन धागे आधीच आहेत, तिकडे भांडा. धांदलबाई, महालक्ष्मीचं दर्शन कधी करणार आहात?

कसबा
महालक्ष्मी गाडीचं नाव. देवीचं नाव अंबाबाई. कोल्हापुरात विचारताना अंबाबाईचं देऊळ म्हणा.

खांबमोज्या
स्थलपुराण "करवीरमाहात्म्य" वाचलंत तर...

कसबा
आजी काय म्हणायची ते सांगतोय. पुराण तुम्ही वाचा.

उंबरा
बरं, अंबाबाई. मी मुद्द्याचं सांगते. तारीख बघितली का कोणी? शनिवार म्हणजे ८ नोव्हेंबर, कॅलेंडरमध्ये संकष्टी आहे. घरात कोणी करतं का? आणि रविवारी ९ तारीख, म्हणजे किरणोत्सवाचा पहिला दिवस. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी धारणा आहे. ढग आले किंवा मधे काही उभं राहिलं की नाही. त्या संध्याकाळी मंदिरात तुडुंब गर्दी असते. गुडघे घेऊन जायची वेळ नव्हे ती.

धांदलबाई
अरे देवा. सासूबाई संकष्टी करतात. कडक. चंद्रोदयाशिवाय पाणीसुद्धा जेमतेम. आणि सासरे गेल्या महिन्यापासून शनिवारच्या मटणाचं बोलताहेत. मी दोन्ही एकाच दिवशी बुक केलंय.

दोन_भाकरी
संकष्टी सासूबाईंची आहे ना? मटणाची नाही.

उंबरा
दोन_भाकरी, तुमचं लग्न झालंय का?

दोन_भाकरी
चुकलं. रविवारी दुपारी जेवा.

गोदाकाठ
शाकाहारी असेल तर "व्हेज कोल्हापुरी" खायला हरकत नाही, तेवढं तरी तिथलं आहे.

कसबा
ते तिथलं नाही. आमच्या एकाही घरात तो प्रकार होत नाही. ते ढाब्यावाल्यांनी कोल्हापूरच्या नावावर खपवलेलं आहे. आमच्याकडे शाकाहारी म्हणजे वांगं, खर्डा, झुणका, भाकरी आणि दही. अख्खा मसूर मागाल तर मिळेल, पण तो कराड-इस्लामपूरकडचा. इकडे येता येता आपल्यात मिसळला.

बॅकवॉटर
मसुराची डाळ आंबोलीतही छान...

तिकटीवरचा
ताई, आता शेवटचं सांगतो, मग मी पोरीला क्लासला सोडाय जातो.
शनिवारी गाव. सकाळी सकाळी अंबाबाई. लांबच्या रांगेत उभं राहू नका, मुखदर्शनाची रांग वेगळी असती, सासूबाईंना तिकडून न्या. तोकडे कपडे चालत न्हाईत, पोराला चालतंय. देवळाशेजारीच भवानी मंडप. तिथंच उपवासाची खिचडी मिळती, आज्जींना ती, बाकीच्यांनी मिसळ. मग रिक्षानं नवा राजवाडा. १८८४ साली बांधून पुरा झाला, काळ्या दगडाचा, मधी घड्याळाचा मनोरा, आत शाहू महाराजांच्या वस्तू, शिकारीतली भुसा भरलेली जनावरं. पोरगं दोन तास बाहेर येणार न्हाई. संध्याकाळी रंकाळा, राजाभाऊची भेळ. चंद्र उगवला की आज्जींचं पान वाढाय आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी कांदा-लसणाशिवाय काय मिळत न्हाई.
रविवारी सकाळी पन्हाळा. आठला निघा, पोरगं गाडीत झोपू दे. गाडी प्रत्येक ठिकाणाशेजारी जातीया, गुडघ्याला त्रास न्हाई. दुपारी खाली येऊन मटण. चारनंतर देवळाकडं वळू नका.
खिद्रापूर परत कधीतरी, खास त्याच्यासाठी या.

खांबमोज्या
हे शेवटचं वाक्य मान्य.

तटावरून
मलाही. नोंद असावी, आज सकाळपासून आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

धांदलबाई
तिकटीवरचा, खूप खूप आभार. हे पहिल्याच प्रतिसादात का नाही दिलंत?

तिकटीवरचा
तुम्ही सांगितलासा का काय?

धांदलबाई
अजून एक विचारते. सासरे म्हणतात, त्यांना खासबाग बघायचंय आणि "दुधाचा कट्टा" बघायचाय. पंचावन्न वर्षांपूर्वी दोन वर्षं कोल्हापुरात तालमीत होते. हे मला काल रात्री कळलं. लग्नाला नऊ वर्षं झाली. दुधाचा कट्टा काय असतो?

कसबा
अहो हे आधी सांगायचं! पन्हाळा-बिन्हाळा राहू दे एका बाजूला.
खासबाग म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ चं. १९०२ साली ते विलायतेला गेले होते, तेव्हा रोमचं जुनं अर्धंमुर्धं मैदान बघून कल्पना सुचली असं सांगतात. खोलगट, वाटीसारखं, त्यामुळे मागच्या माणसालाही आखाडा दिसतो. देवळापासून चालत जाण्यासारखं आहे. कुस्ती नसली तरी काठावर पाच मिनिटं बसवा त्यांना.
दूधकट्टा गंगावेशीत. संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात, फेसासकट ग्लास हातात. तालमीतली पोरं रोज घ्यायची.

नाडीपरीक्षा
कृपया कच्चं दूध पिऊ नका. ब्रुसेलोसिस, क्षयाचे काही प्रकार, इतर जंतुसंसर्ग कच्च्या दुधातून होतात. ज्येष्ठ नागरिक आणि सहा वर्षांचं मूल हेच सर्वात जास्त धोक्याचे. दूध उकळूनच घ्यावं.

तिकटीवरचा
डॉक्टर, आमची तीन पिढ्यांची तालीम हाय.

नाडीपरीक्षा
ज्यांना झालं ते सांगायला धाग्यावर येत नाहीत. बघायला जा, फोटो काढा, घरी नेऊन उकळा. एवढंच म्हणतोय.

पेठेतला
कोल्हापुरी चप्पल कुठे घ्यावी? प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, त्या प्रकरणापासून डोक्यात आहे. करकर वाजणारी हवी.

कसबा
वेगळा धागा काढा. नाहीतर देवळाजवळची चप्पल लाईन. करकर हवी तर दुकानात चालून बघा, घरी आल्यावर वाजत नाही म्हणून भांडू नका.

धांदलबाई (पुढच्या मंगळवारी)
सगळ्यांचे आभार. जाऊन आलो, थोडक्यात वृत्तांत देते.
मुखदर्शन वीस मिनिटांत झालं. मिसळ मला झेपली नाही, नणंद दोन प्लेट खाऊन वर कट प्यायली. ब्रेडचं म्हणणं पटलं, तो कट शोषून घेतो, पाव फक्त भिजतो. (गोदाकाठ, माफ करा.) राजवाड्यात मुलगा भुसा भरलेल्या वाघासमोर एक तास उभा होता, शेवटी उचलून आणला.
पन्हाळ्याला साडेदहा वाजले, कारण मुलगा नाही, नवरा उठला नाही.
मटण रविवारी दुपारी. सासऱ्यांनी पांढरा पाच वाट्या प्यायला. वाढपी विचारत नव्हता, नुसता ओतत होता, म्हणजे हॉटेल बरोबर होतं. सासूबाई शेजारी बसून भाकरी-दही खात होत्या आणि मोजत होत्या.
चारनंतर देवळाकडे वळू नका हे मी चार वेळा वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, किरणोत्सवाला गावात असून जायचं नाही म्हणजे काय. गेलो. किरणं कुठवर पोचली ते आम्हाला दिसलं नाही, पुढच्या माणसाचा मोबाईल दिसला. त्या मात्र हात जोडून खूश होत्या, गुडघ्याचं नावही काढलं नाही.
खासबागेत सासरे काठावर बसले ते पाऊण तास उठले नाहीत. काहीच चाललं नव्हतं तिथे, एक माणूस झाडत होता. त्याच्याशी गप्पा मारल्या. मग गंगावेस.

उंबरा
वा, छान झालं. संकष्टीचं काय केलंत?

धांदलबाई
हॉटेलच्या गच्चीवर चंद्र बघितला. कांदा-लसणाशिवाय सांगितलं होतं, तरी आमटीत लसूण आला. भाताबरोबर दूध खाल्लं त्यांनी.

खांबमोज्या
खिद्रापूर फेब्रुवारीत जमवा. ऊन चांगलं असतं.

नाडीपरीक्षा
एकच विचारतो. गंगावेशीत दूध प्यायलं का कोणी? उकळलं होतं का?

धांदलबाई
सासऱ्यांनी दोन ग्लास. मी बघत नव्हते.

तिकटीवरचा
चांगभलं.