शोकेसची काच काळपट का येते?

भाऊ, तुमच्या सराफी शोकेसच्या रेंडरमध्ये (संगणकावर बनवलेल्या थ्रीडी चित्रात) काच काळपट दिसते म्हणून वरच्या उत्तरात अल्फा (अपारदर्शकता) कमी करायचा सल्ला आलाय. मला तो पटत नाही. अल्फाने काच नुसती फिकी होते, प्रकाश वाकत नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये ट्रान्समिशन (प्रकाश आरपार जाण्याचं प्रमाण) १, रफनेस (खडबडीतपणा) ० आणि आयओआर (अपवर्तनांक) १.५२ ठेवा.

खरं दुखणं बहुतेक बाउन्सचं आहे, म्हणजे किरण किती वेळा पृष्ठभागावरून उसळू किंवा त्यातून पार जाऊ शकतो त्या मर्यादेचं. पुढची काच, मधला शेल्फ, मागची काच. प्रत्येकीचे दोन पृष्ठभाग, म्हणजे आरपार जायलाच किरणाला सहा टप्पे लागतात. मर्यादा संपली की तिथे काळं उमटतं. टोटल आणि ट्रान्समिशन, दोन्ही बाउन्स वाढवा. काचेला जाडीही हवीच, एकेरी प्लेन चालणार नाही.

कडेचा हिरवट रंग काचेतल्या लोहामुळे येतो. तो पृष्ठभागाला न देता व्हॉल्यूम अ‍ॅब्सॉर्प्शनने (काचेच्या आत प्रकाश शोषला जाण्याने) द्या, फार सुंदर दिसतो. कडांना बारीक बेव्हलही (कड किंचित उतरती किंवा गोलसर करणं) द्या.

आणि भोवती राखाडी पोकळी ठेवू नका. समोरून पाहिलं तर काच जेमतेम ८ टक्के प्रकाश परतवते, तिरकस पाहिलं की खूप जास्त. तिच्यात उमटायला काहीतरी हवं ना! जळगावच्या सराफ बाजारात भर दुपारी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे ३६० अंशांचे फोटो काढून त्यांचाच एचडीआरआय (भोवतालचा खरा उजेड साठवणारं चित्र) लावा.