कँडीच्या दंतमंदिरात आईला घेऊन जायचंय, काय पाळावं लागतं?

निळीशाई: पुढच्या महिन्यात श्रीलंका. समुद्र माझ्यासाठी, कँडीचं श्री दलदा मालिगावा (बुद्धांचा दंतधातू, म्हणजे दाताचा अवशेष, जिथे ठेवलाय ते मंदिर) आईसाठी. आम्ही नागपूरचे, त्यामुळे पांढरी साडी आणि वंदना आईला शिकवायला नको. पण तिथली रीत वेगळी असली तर? फोटो चालतात का? आईचे गुडघेही दुखतात.

सिलोनकर: जय भीम ताई. नोकरीमुळे कोलंबोत राहतो, घरी पाहुणे आले की कँडी ठरलेलीच. सगळ्यात आधी आईंना सांगून ठेवा की दंतधातू डोळ्यांना दिसत नाही. तो एकात एक अशा करंड्यांत असतो. पूजेच्या वेळी वरच्या मजल्यावर गाभाऱ्याचं दार उघडतात, तेव्हा लांबून सोनेरी करंडा दिसतो, तोही रांग सरकता सरकता. माझी मावशी "एवढ्यासाठी आलो?" म्हणाली होती. पण खाली ढोल सुरू झाले तशी हात जोडून उभी राहिली, हलेचना!

पूजा पहाटे, सकाळी साडेनऊच्या सुमारास आणि संध्याकाळी. वर जायला जिना चढावा लागतो, म्हणून पौर्णिमा टाळा. त्या दिवशी इथे सुट्टी असते, गर्दी आवरत नाही. चपला बाहेर ठेवायच्या, आणि दुपारी फरशी भाजते. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. फोटो काढा, पण बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको. दारावर झडती होते, वैतागू नका. 1998 मध्ये इथे बॉम्बस्फोट झाला होता.

पिंपळपान: बुद्धाचं चित्र छापलेला टी-शर्टही नको. 2014 मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू होता म्हणून एका ब्रिटिश बाईला श्रीलंकेने परत पाठवलं होतं. आपल्याकडे असे टी-शर्ट जयंतीला सर्रास दिसतात, पण तिथे ते अपमान समजतात. आणि आईंना हेही सांगा, 1950 च्या बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेत गेले होते.

निळीशाई: ते आईनेच मला सांगितलं! टी-शर्ट बॅगेतून काढला. फुलं इथून न्यावीत का?

सिलोनकर: नको, दाराबाहेरच मिळतात. निळी कमळं, पांढरा चाफा. भाव आधी विचारा. वास न घेता वरच्या ओट्यावर दोन्ही हातांनी ठेवायची. जमलं तर बुधवार गाठा, त्या दिवशी सुगंधी पाण्याने अभिषेकाचा विधी असतो आणि ते पाणी लोकांना वाटतात. छोटी बाटली जवळ ठेवा.