मरोळ गावठाण, तळ + १: चार माणसांत पहिला स्लॅब आत्ता घालावा का?

मरोळकर (२५ एप्रिल २०२१)
कॉलम बीमच्या तळापर्यंत भरून झालेत. स्लॅब ४५० चौ. फूट, ५ इंच जाड. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) अर्धं लागलंय, सळई आणि ७० गोण्या सिमेंट साईटवर आहे. कोविडचे निर्बंध लागल्यावर ठेकेदाराची बाकी माणसं गावी गेली. साईटवर राहणारे चौघे उरलेत: एक गवंडी, एक फिटर (सळई बांधणारा), दोन बिगारी. गल्ली सहा फुटी, ट्रक मेन रोडलाच थांबतो. चौघांत स्लॅब होईल? की तोवर भिंती उचलून घ्याव्यात?

ओळंबा
भिंती सोडा, आधी स्लॅब. डोक्यावर स्लॅब असेल तर खालचं वीटकाम भर पावसातही चालतं, पण पावसात स्लॅब घालता येत नाही. मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास धरा आणि तिथून उलटं मोजा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस ठेवायचे. हे ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटचे आकडे. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा काँक्रीटमध्ये फ्लाय अॅश असेल तर वाढवा. १५ मेपर्यंत स्लॅब पडला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात खालचा मजला मोकळा.

हाताने मात्र ओतू नका. बीम धरून साडेसात घनमीटर काँक्रीट होतं. एम२० (स्लॅबचं नेहमीचं काँक्रीट) ला घनमीटरमागे ८ गोण्या, म्हणजे ६० गोण्या. घमेल्यांच्या साखळीला पंधरा तरी माणसं लागतात. चौघांत अर्ध्यावर संध्याकाळ होणार, कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला न जुळलेला सांधा) पडणार आणि जुलैत नेमकं तिथूनच पाणी झिरपणार. साईटवर राहणाऱ्या मजुरांकडूनच काम करून घ्यायचं, असा राज्य सरकारचा ४ एप्रिल २०२१ चा कोविड आदेश आहे. रोजंदारीवर बाहेरून माणसं आणाल तर त्याप्रमाणे १०,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर साईटच बंद. त्याच आदेशात आहे: मजूर कोविड पॉझिटिव्ह निघाला तर त्याला रजा द्यायची, पूर्ण पगार द्यायचा, कामावरून काढायचं नाही. एक खोली त्यासाठी रिकामी ठेवा.

कव्हरब्लॉक
सहमत. आरएमसी (प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवा आणि मेन रोडवरून पंपाची लाइन टाका. मालाच्या वाहतुकीला परवानगी आहे. पंपावरची माणसं त्यात धरतात का, ते वॉर्ड ऑफिसात आधी लेखी विचारून घ्या.

साडेसात घनमीटर लागतंय म्हणून साडेसातच मागवू नका. पाच इंची पाइप ६० मीटर असेल तर पाऊण घनमीटर लाइनीतच अडकतं. साडेआठ सांगा, दोन गाड्या होतील. पहिली निम्मी रिकामी झाली की दुसरी प्लांटमधून सोडायला सांगा. प्लांटवर पाणी पडल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट उतरलं पाहिजे, आणि गाडी नाक्यावर अडकली तर ते दोन तास कुठे जातात कळत नाही. लाइन ओली करायला आधी सोडतात ती सिमेंटची पातळ स्लरी स्लॅबवर येऊ देऊ नका, बाहेर पिंपात घ्या.

पाइप सळईवर टेकवायचा नाही. पंपाच्या प्रत्येक धक्क्याला सळई हलते, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) उलटतात आणि वरची सळई खाली बसते. जुने टायर टाकून त्यावर पाइप ठेवा. गवंडी लेव्हलला, एक बिगारी पाइपच्या तोंडाशी, दुसरा नीडलवर (काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर), फिटर टेकूंवर लक्ष ठेवायला. दुसरी नीडल भाड्याने आणून ठेवाच. व्हायब्रेटर ऐन वेळी बंद पडला तर आत्ता उघडं दुकान सापडायचं नाही. बाइंडिंग वायर, खिळे, फॅन बॉक्स, कंड्युट (वायरिंगच्या नळ्या) यांचीही यादी आजच काढा.

मरोळकर
आणि आधी घेतलेल्या ७० गोण्या? वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया चार महिने उघड्या राहतील, त्यांचं काय?

प्लिंथलेव्हल
गोण्या फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून दीड फूट लांब, दहापेक्षा जास्त थर नकोत. वरून ताडपत्री. वापरताना गोणीत हात घाला: सिमेंट गार लागलं आणि गाठ बोटांत सहज चुरली तर वीटकाम-प्लास्टरला चालेल. चुरत नसेल तर ते सिमेंट गेलं. तीन महिन्यांहून जुनं झालं तर तपासणीशिवाय आरसीसीत घालू नका.

सळयांना तारेचा ब्रश मारून सिमेंटचा घट्ट गिलावा ब्रशने लावा. तो पावसात धुपतो, महिन्याभराने पुन्हा लावा. काम सुरू करताना सगळा खरवडून काढा. हाताला लागणारा तांबूस रंग चालतो. पापुद्रे सुटत असतील तर सळईचा व्यास मोजून इंजिनीयरला दाखवा. सळया आडव्या वाकवून ठेवायला कोणी सांगेल, ऐकू नका, पुन्हा सरळ करताना तिथेच चीर जाते.

स्लॅबवर दुसऱ्या दिवशी वाफे करून दहा दिवस पाणी साठवा. मे महिन्यात सकाळी भरलेला वाफा दुपारी कोरडा होतो. टँकरचं पाणी त्या हिशोबाने सांगा, नळाच्या भरवशावर राहू नका.

आणि ग्रिलवाल्याला आत्ता गॅस कटिंगचं काम देऊ नका. गॅस कटिंगला ऑक्सिजन लागतो आणि २२ एप्रिल २०२१ पासून औद्योगिक ऑक्सिजन कोविड रुग्णांसाठी बंद केलाय. ग्रिलवाला कटर मशीनवर कापत असेल तरच तारीख मागा.