१९४८ चा कर्णधार : डॉ. टी. आओ

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार म्हणून कुणीकुणी शैलेन मन्नांचं नाव देतं. मन्ना त्या संघात होतेच, पण कप्तानी त्यांच्याकडे आली ती नंतर, १९५१ च्या आशियाई खेळांतलं सुवर्णपदक त्यांच्याच नेतृत्वाखालचं. लंडनला कर्णधार होते डॉ. तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांमधल्या चांगकी गावचे. उद्घाटनाला तिरंगाही त्यांच्याच हातात होता, स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष होत असताना!

३१ जुलैला फ्रान्सशी सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या. रामनने सत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली, पण दोन पेनल्टी वाया गेल्या आणि अगदी शेवटी गोल खाऊन आपण १-२ हरलो. त्या पेनल्ट्यांची हळहळ मला अजूनही वाटते.

पण मला आओ जास्त भावतात ते पुढच्या आयुष्यामुळे. मुलाने डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा. मोहन बागान या फुटबॉल क्लबकडून खेळता खेळता कोलकात्यात त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं, मग मैदान सोडून आपल्या माणसांत परतले आणि नागालँडचे आरोग्य संचालक म्हणून १९७८ मध्ये निवृत्त झाले. १९९८ मध्ये ते गेले. त्यांच्यावरचं टपाल तिकीट निघालं २०१८ ला, जन्मशताब्दीच्या वर्षी. फार उशीर केला आपण.