विषय: दिवाळीचे फराळ टेबल – डब्यांवरील लेबल आणि विक्री नेमकी कोणाची?

सर्वांना सप्रेम नमस्कार,

कालच्या परिपत्रकात घरगुती फराळ करणाऱ्यांनी आपले डबे सकाळी दहापर्यंत मुख्य टेबलावर जमा करावेत, विक्री स्वयंसेवक करतील आणि हिशेब नंतर दिला जाईल असे म्हटले आहे. मला यात एक अडचण दिसते. माझी खाद्यव्यवसायाची नोंदणी इथे ब्रिटनमध्ये लागते तशी कौन्सिलकडे (स्थानिक नगरपालिकेकडे) झाली असून अधिकारी स्वयंपाकघर पाहूनही गेल्या आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले की मी घरी भरलेले डबे माझ्याच स्टॉलवर मी स्वतः विकले, तर पदार्थाचे नाव आणि घटकांची पूर्ण यादी, त्यात अ‍ॅलर्जीचे घटक ठळक, एवढे लेबल पुरते. तेच डबे दुसऱ्या कोणाकडे विक्रीला दिले, तर वजन, ‘बेस्ट बिफोर’ तारीख आणि व्यवसायाचे नाव व पत्ता हे सारे छापावे लागते. माझा व्यवसाय घरातून चालतो, त्यामुळे प्रत्येक डब्यावर माझ्या घराचा पत्ता जाईल, आणि ते मला नको आहे. कृपया मला वेगळे छोटे टेबल मिळावे.

आपली,
चकली-चिवडावाली (गणपतीत जिचे डबे सर्वांनी चाखले ती)

---

ताई, नमस्कार.

आपली तळमळ समजते, परंतु एकाच टेबलाची पद्धत उगाच आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी प्रत्येकाला स्वतंत्र जागा दिली तेव्हा आपत्कालीन दरवाजासमोर काय झाले आणि हॉलच्या व्यवस्थापकांनी आपल्याला काय ऐकवले, हे त्या दिवशी हजर असलेल्यांना आठवत असेल. त्यानंतर फराळाच्या टेबलाची जबाबदारी आमच्या समितीने उचलली, स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या आणि ती व्यवस्था नीट चालली आहे. ऐन वेळी ती मोडू नये. लेबलांचे म्हणाल, तर आजवर मंडळात फराळ खाऊन कोणालाही त्रास झालेला नाही.

स्टॉल समन्वयक

---

समन्वयकांच्या शेवटच्या वाक्यापुरतेच लिहितो.

माझ्या नातवाला तिळाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. मंडळात त्याला त्रास झालेला नाही, कारण आम्ही त्याला मंडळात काही खाऊच देत नाही. २०१६ साली नताशा एडनान-लापरूझ ही १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या बगेटमधील (लांबट फ्रेंच पावाच्या सँडविचमधील) तिळाने दगावली. त्यावर तीळ असल्याचे लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आधी भरून ठेवलेले पदार्थ विकणाऱ्यांनाही घटकांची पूर्ण यादी छापणे बंधनकारक झाले. ठळक छापायच्या अ‍ॅलर्जीच्या घटकांची कायद्याने ठरवलेली यादी १४ घटकांची आहे आणि आपल्या फराळात त्यांतले बरेच सापडतात: चकलीत तीळ, चिवड्यात शेंगदाणे आणि फोडणीची मोहरी, लाडवात रवा म्हणजे गहू, तूप म्हणजे दूध, वर काजू. बेदाणे टिकावेत म्हणून त्यांत सल्फाइट असू शकते, तेही पुडा उलटून वाचावे लागते. आणि सर्वांत फसवा म्हणजे हिंग! डबीतल्या पूड हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. भाजणीत गहू नाही म्हणून चकली ग्लुटेनमुक्त आहे असे कोणी प्रेमाने सांगेल, आणि ते खोटे ठरेल. ‘नट्स’ असे मोघम लिहूनही चालत नाही, काजू की बदाम ते नावाने लिहावे लागते.

नातवाचे आजोबा

---

काकांचे म्हणणे पूर्ण पटते. तरीही मूळ प्रश्न विक्रेता कोण हा आहे आणि तो हिशेबाशीही जोडलेला आहे, म्हणून खजिनदार या नात्याने लिहिणे भाग आहे.

सारे पैसे मंडळाच्या कार्ड मशीनवर घ्यायचे आणि मग वाटायचे, याला माझा गेल्या वर्षीही विरोध होता. पैसे मंडळ घेणार आणि माल मंडळाचे स्वयंसेवक देणार असतील, तर विक्रेते मंडळच दिसते. ज्याचा माल, त्यानेच पैसे घ्यावेत. शिवाय करवर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल या काळात, अशा छोट्या व्यवसायातून १,००० पौंडांपर्यंतची जमा करमुक्त असते. ही मर्यादा एकूण विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. सामानाचा खर्च वजा करून कोणी ९०० पौंड सांगितले, तर ते चुकीचे गणित आहे. आणि या १,००० पौंडांचा कौन्सिलच्या नोंदणीशी काहीही संबंध नाही. विक्री नियमित असेल, तर ती कितीही लहान असली तरी नोंदणी लागतेच.

खजिनदार

---

खजिनदारसाहेब, नोंदणी व्यवसाय सुरू होण्यापूर्वी किमान २८ दिवस करायची असते, हेही लिहायला हवे होते. तिला शुल्क नाही आणि ती नाकारली जात नाही. त्यामुळे नव्या भगिनींनी घाबरू नये, मात्र आजच्या आज अर्ज भरावा. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी आणि घराच्या विम्याची अट हे दोन्ही आधी पाहावे, कारण माझ्या मैत्रिणीचे काम तिथेच अडले होते.

मी स्वतः टेबलाच्या भानगडीत पडत नाही. आधी मागणी नोंदवून घेते, ती नोंदवतानाच कोणत्या डब्यात काय आहे ते लेखी कळवते, मागणी आल्यावर डबा भरते आणि देताना चिठ्ठी पुन्हा जोडते. कार्यक्रमात फक्त हातात डबा द्यायचा उरतो. लेबलाचे म्हणाल तर अक्षरांची किमान उंची, म्हणजे लहान ‘एक्स’ची उंची, १.२ मिलिमीटर असावी लागते. घरच्या प्रिंटरवर छापताना हौसेने लहान अक्षर निवडले जाते आणि ते कोणाला वाचता येत नाही.

अनेक वर्षे घरून फराळ करणारी तुमची काकू

---

काकू, आपली पद्धत आपल्याला जमते, कारण आपली गिऱ्हाईके जुनी आहेत. माझ्यासारखीला अनोळखी लोकांनी टेबलावर येऊन पाहिल्याशिवाय पहिली विक्रीच होणार नाही. मला आग्रह धरावासा वाटतो तो एवढ्यासाठीच.

चकली-चिवडावाली

---

नमस्कार.

हॉलचा नकाशा पुन्हा पाहिला. मंचाच्या डाव्या भिंतीला, दरवाजापासून दूर, चार छोटी टेबले बसतात. तिथे प्रत्येकीने स्वतः उभे राहावे, स्वतःचे पैसे घ्यावेत आणि लेबले लावूनच डबे मांडावेत. मुख्य टेबलावर या वर्षी घरगुती डबे ठेवले जाणार नाहीत. तिथल्या पाळ्या मात्र पूर्वीप्रमाणेच राहतील आणि त्या समितीच ठरवेल. कार्यक्रमाला पाच आठवडे उरले आहेत, म्हणजे नोंदणीसाठी हातात एकच आठवडा आहे. नोंदणी झाल्याची कौन्सिलची पोच रविवारपर्यंत मला पाठवावी. टेबले त्याच क्रमाने दिली जातील.

स्टॉल समन्वयक