वेलिगामाला सर्फ कॅम्प, पहिल्यांदाच: ऑल इन्क्लुझिव्ह पॅकेज घ्यावं का?

हिरवीमिरची

नमस्कार मंडळी. जानेवारीत श्रीलंकेत वेलिगामाला एका सर्फ कॅम्पमध्ये आठवडाभर राहायचं मनात आहे. सर्फिंगचा अनुभव शून्य, बोर्डाला हातसुद्धा लावलेला नाही. वय ४१, पोहता येतं पण सोसायटीच्या टँकमध्ये, समुद्रात कंबरेच्या पुढे कधी गेले नाहीये. पॅकेजमध्ये राहणं, सकाळ-संध्याकाळचं खाणं, रोजचा लेसन, बोर्ड, योगा असं सगळं एकत्र आहे पण किंमत बघता नवरा म्हणतोय की गावात साधी रूम घे, बीचवर जाऊन लेसन घे, बरेच पैसे वाचतील. तो स्वतः पाण्यात उतरणार नाहीये.

तर जे राहून आलेत त्यांनी सांगा, नवशिक्या माणसाला कॅम्पमध्ये राहून खरंच जास्त शिकायला मिळतं का? समुद्रात पोहायची सवय नसेल तर चालतं का? मी शाकाहारी आहे, अंडं खाते, तिथे हाल होतील का? आणि बुकिंगच्या आधी त्यांना काय काय विचारून घ्यावं? मला हे मनापासून शिकायचंय, नुसता बोर्डसोबत फोटो नकोय.

खारावारा

गेल्या सीझनला वेलिगामालाच कॅम्पमध्ये राहून आलोय म्हणून सविस्तर लिहितो.

जागा एकदम बरोबर निवडलीत. वेलिगामाची खाडी अर्धगोल आहे, तळाला वाळू, आणि लाट लांबवर फुटून तिचं पांढरं पाणी बराच वेळ किनाऱ्याकडे येत राहतं. नवशिक्याचं पहिलं काम त्या पांढऱ्या पाण्यातच असतं, कंबर-छातीएवढ्या पाण्यात उभं राहून, त्यामुळे पडलात तरी खाली वाळू. महिना पण बरोबर. दक्षिण किनाऱ्याचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाट गुळगुळीत राहते. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून थेट त्या किनाऱ्यावर येतो, मग लोक पूर्वेला अरुगम बेला जातात. जानेवारीत अरुगम बेचा विचारच नको.

आता कॅम्प की रूम. माझं मत विचाराल तर पहिल्या आठवड्यासाठी कॅम्प, पण कारण जेवण किंवा योगा नाही. बीचवर लेसन घेतला की वाळूवर थोडा वेळ शिकवतात, मग पाण्यात मागून बोर्ड ढकलतात, तुम्ही उभे राहता, आनंद होतो, संपलं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा येतो, त्याला तुमचं काहीच माहिती नसतं, तो परत पहिल्यापासून ढकलतो. चांगल्या कॅम्पमध्ये तोच इन्स्ट्रक्टर आठवडाभर तुमच्याबरोबर असतो, त्याला माहीत असतं की ही बाई उठताना खाली बघते किंवा मागचा पाय उशिरा आणते, आणि दोन-तीन दिवसांनी तो ढकलणं बंद करून तुम्हाला स्वतः पॅडल करून, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत, लाट पकडायला लावतो. तिथे खरं शिकणं सुरू होतं. संध्याकाळी व्हिडिओ दाखवतात तो तर मी म्हणेन सगळ्यात मोलाचा भाग, आपल्याला वाटतं गुडघे वाकवलेत, बघतो तर सरळ उभे आणि कंबरेत वाकलेलो.

पण हे सगळ्या कॅम्पमध्ये मिळतंच असं नाही, म्हणून विचारून घ्या. एक म्हणजे पॅकेज लेसनचं आहे की गाईडिंगचं. गाईडिंग म्हणजे ज्यांना येतं त्यांना फक्त चांगल्या लाटेपर्यंत गाडीने नेणं, ते स्वस्त दिसतं पण तुमच्या काहीच कामाचं नाही. दुसरं, सात रात्री लिहिलेलं असतं तेव्हा लेसन किती ते वेगळं विचारा, पोचायच्या आणि निघायच्या दिवशी बहुतेक नसतो, मधे एक सुट्टीचा पण असतो. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, मी चारच्या वर घेणार नाही. त्यांच्याकडे आयएसएचं म्हणजे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं सर्टिफिकेट आणि जीवरक्षकाचं ट्रेनिंग आहे का. लेसननंतर बोर्ड मोकळा वापरायला मिळतो का. आणि नवशिक्यांना नेमकं कुठे नेतात, कारण बरेच कॅम्प नाव वेलिगामाचं देतात पण असतात मिदिगामा नाहीतर अहंगामाला, तिथल्या बऱ्याचशा लाटा खडकावर आणि प्रवाळावर फुटतात, खाली सी अर्चिन नावाचे काटेरी गोळे असतात. पहिल्या आठवड्यात तिकडे जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ऑल इन्क्लुझिव्ह म्हणतात पण दुपारचं जेवण बरेचदा त्यात नसतं, एअरपोर्टची गाडी नसते, आणि कटुनायके एअरपोर्ट कोलंबोच्याही उत्तरेला असल्यामुळे एक्सप्रेसवेने गेलात तरी अडीच-तीन तास धरा. त्या गाडीचे पैसे धरूनच तुलना करा.

टँकवालीताई

मी पोहणं शिकवते, म्हणून पोहण्यापुरतं बोलते. टँकमध्ये येतं एवढ्यावर सर्फिंगची सुरुवात नक्की करता येईल, कारण तुम्ही सुरुवातीला पाय टेकतील अशा पाण्यातच असता आणि बोर्ड पायाला लीशने, म्हणजे दोरीने, बांधलेला असतो. पण लीश तुटू शकते, म्हणून बोर्ड हाच आपला आधार असं धरून जाऊ नका. आत्तापासून महिनाभर टँकमध्ये न थांबता २०० मीटर पोहायची सवय करा, काठ न धरता, सावकाश. जमिनीला पाय न लावता पाच मिनिटं पाठीवर तरंगत राहायची सवय करा. पाण्याखाली गेल्यावर धडपड न करता क्षणभर थांबून वर यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं, लाटेखाली लोक घाबरतात ते श्वास संपल्यामुळे नाही, घाईमुळे.

नवशिक्यांना लागतं ते बहुतेक वेळा बोर्डाने, स्वतःच्या नाहीतर शेजारच्याच्या. वेलिगामाला जानेवारीत प्रचंड गर्दी असते आणि सगळेच शिकाऊ. म्हणून बोर्ड कधीच आपल्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, बाजूला धरायचा. पडताना डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, पाणी उथळ असतं, पाठीवर किंवा कुशीवर पसरून पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, मग डोळे उघडायचे. लाटेवर आधीच कोणी असेल तर ती लाट त्याची, आपण थांबायचं.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात ओढून नेणारा प्रवाह, पण आधीच समजून घ्या. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय तर तो सोपा वाटतो, पण बरेचदा तिथूनच पाणी आत परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही, आडवं पोहत किंवा बोर्डवर पडून पॅडल करत बाजूला जायचं, मग लाटांबरोबर बाहेर. इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी सांगा की आज रिप कुठे आहे ते वाळूवरून दाखव. चांगला असेल तर त्याने न विचारताच दाखवायला पाहिजे.

तिखटमीठ

शाकाहाराची काळजी करू नका, श्रीलंकेत भाताबरोबर चार-पाच भाज्या आणि डाळ सहज येते, डाळीला तिथे परिप्पू म्हणतात, फणसाची भाजी तर आवर्जून खा. आप्पम आहेत, शेवयांसारख्या इडिअप्पा आहेत. फक्त एक सांगते, खोबऱ्याच्या पोल सांबोलमध्ये बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो, त्याला उंबलकड म्हणतात, आणि काही भाज्यांत पण घालतात. दिसत नाही पटकन. नुसतं व्हेज म्हणून थांबू नका, उंबलकड नको असं नाव घेऊनच सांगा, स्वयंपाकघरात लगेच समजतं. कॅम्पला बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून टाका.

मुल्कीप्रेमी

मी जरा वेगळं सांगतो, रागावू नका. एवढा खर्च करून परदेशी जायच्या आधी एक शनिवार-रविवार मुल्कीला जाऊन या. मंगळूरच्या उत्तरेला, कोकण रेल्वेवर स्टेशन आहे. मंत्रा सर्फ क्लब तिथला, २००४ च्या सुमारास जॅक हेबनर यांनी सुरू केलेला, लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणायचे, आपल्या देशात सर्फिंग शिकवायची सुरुवात करणाऱ्यांपैकी ते. आश्रमच आहे, जेवण शुद्ध शाकाहारी, दारू-सिगारेट नाही. तुमच्यासारखीला तर उत्तम. पावसाळा सोडून जायचं, जून ते सप्टेंबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, शिकाऊ माणसाने उतरायचंच नाही. दोन दिवसांत कळेल की आपल्याला हे आवडतंय का, मग आठवड्याचे पैसे भरा.

खारावारा

@मुल्कीप्रेमी मुल्कीबद्दल सहमत, माणसं फार प्रेमाने शिकवतात. पण दोन दिवसांत आवडतंय का हे कळेल याला मी सहमत नाही. पहिले दोन दिवस खांदे आणि बरगड्या दुखतात, नाकात पाणी, काही जमत नाही, आणि तिसऱ्या दिवशी अंग सगळ्यात जास्त दुखतं. बरेच जण तिथेच सोडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवी लाट, म्हणजे न फुटलेली लाट, पहिल्यांदा बोर्ड उचलते तेव्हा कळतं हे काय आहे ते. म्हणून सलग दिवस मिळणं महत्त्वाचं, मुल्कीला गेलात तर तिथेच पाच-सहा दिवस राहा.

आणि हो, बोर्ड मोठाच घ्या, आठ-नऊ फुटी मऊ फोमचा. आठवड्याच्या मधेच छोटा बोर्ड द्या म्हणून मागणारे असतात, छान दिसतो म्हणून. मोठ्या बोर्डवर लाटा जास्त मिळतात, लाटा जास्त मिळाल्या की शिकणं जास्त.

हिरवीमिरची

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खूप आभार. खारावारा यांनी सांगितलेले प्रश्न दोन कॅम्पना पाठवले. एकाने उत्तरात नुसता ब्रोशर परत पाठवला. दुसऱ्याने नीट लिहिलंय, एका इन्स्ट्रक्टरमागे तीन जण, सहा लेसन, नवशिके फक्त खाडीत, व्हिडिओ एक दिवसाआड, आणि न सर्फ करणाऱ्या जोडीदाराला कमी दर. दुसराच घेतेय. टँकमध्ये २०० मीटर कालपासून सुरू केलंय, अजून मधे थांबावं लागतं.

अजून दोन गोष्टी. कपडे काय घालू? आणि नेमकी पाळी त्याच आठवड्यात येणार असं दिसतंय, त्यात पाण्यात उतरणं जमतं का? नवऱ्याने आठवडाभर करायचं काय तेही सांगा.

टँकवालीताई

जमतं. टँपॉन किंवा कप, ज्याची सवय असेल ते, पण कप पहिल्यांदाच तिथे जाऊन वापरायला घेऊ नका, एक-दोन महिने आधी घरी सवय करा. फार दुखत असेल त्या दिवशी लेसन पुढे ढकलायला सांगा, कॅम्पमध्ये राहायचा हाही एक फायदा आहे, वेळ बदलून मिळू शकते.

पाणी कोमट असतं, वेटसूट लागत नाही. लांब बाह्यांचा अंगाला घट्ट रॅशगार्ड आणि खाली स्विमिंगची लेगिंग्ज, कारण बोर्डवर घासून पोट आणि गुडघे सोलवटतात. सैल टी-शर्ट नको, पाण्याने जड होतो. उन्हासाठी चेहऱ्याला झिंक क्रीमचा जाड थर, कानाच्या पाळ्यांना आणि मानेला मागून पण. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर उठताना गुडघा टेकवायची सवय लागू देऊ नका, घरी चटईवर पोटावर झोपून एकदम दोन्ही पायांवर यायचा सराव रोज करा.

तिखटमीठ

नवऱ्यासाठी: वेलिगामाहून गाल शहराला ट्रेन आहे, तासाच्या आत पोचते, किल्ल्यातल्या गल्ल्यांत दिवस कसा जातो कळत नाही. कोलंबोहून येतानाच ट्रेनने आलात तर उजव्या बाजूला बसा, रूळ बराच वेळ समुद्राला चिकटून जातात. जवळच मिरिस्साहून याच महिन्यांत बोटीने देवमासे बघायला नेतात, ब्लू व्हेल दिसतो, पण बोट लागत असेल त्याला तर गोळी आधी घ्यायला सांगा.

ईटीए, म्हणजे श्रीलंकेत शिरायची ऑनलाइन परवानगी, निघायच्या आधी सरकारी साइटवरूनच काढा, दलालांच्या साइट हुबेहूब दिसतात. पौर्णिमेला तिथे पोया म्हणजे सुट्टीचा दिवस असतो, त्या दिवशी दारू विकत नाहीत आणि काही दुकानं, ऑफिसं बंद असतात, पैसे बदलायचे असतील तर आदल्या दिवशी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना पॉलिसीत सर्फिंग कव्हर आहे का ते वाचून बघा, बऱ्याच साध्या पॉलिसी साहसी खेळ वगळतात.