ईव्ह डंकनची गोष्ट ‘बॉनी’पाशी संपायला हवी होती

विदुला

आयरिस जोहानसेनची ईव्ह डंकन ही रहस्यकथांची मालिका वाचणारे इथे बरेच आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. २०११ मध्ये ‘ईव्ह’, ‘क्विन’ आणि ‘बॉनी’ ही तीन पुस्तकं एकाच वर्षात आली आणि तिसऱ्यात बॉनीचं काय झालं ते अखेर कळलं. मालिका तिथेच संपायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. पुढची पुस्तकंही वाचली आहेत, त्यामुळे हे न वाचता बोलणं नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईव्ह अटलांटाची. आई सँड्रा व्यसनात बुडालेली, घरात दारिद्र्य, आणि सोळाव्या वर्षी ईव्हच्या पदरी मुलगी. ती बॉनी. सात वर्षांची असताना बॉनी बागेतून नाहीशी झाली. लहान मुलांचे खून करणाऱ्या फ्रेझरला मृत्युदंड झाला, पण बॉनीला कुठे पुरलं हे न सांगताच तो मेला. त्यानंतर ईव्ह शिकली आणि न्यायवैद्यक शिल्पकार झाली. बेवारस सापडलेल्या कवटीवर मातीने चेहरा घडवायचा, म्हणजे तो बघून कुणीतरी ओळखेल आणि कुणाचं तरी मूल घरी जाईल. १९९८ च्या ‘द फेस ऑफ डिसेप्शन’मध्ये आपण तिला भेटतो तेव्हा ती या कामात मुरलेली आहे.

पहिल्या दहा-बारा पुस्तकांत टेबलावर कवटी आली की तिच्यासोबत एक न विचारलेला प्रश्न येतो: ही माझी तर नाही? ईव्ह प्रत्येक कवटीला नाव देते, तिच्याशी बोलते, आणि आपल्याला कळत असतं की ती हे कुणासाठी करते आहे. तो प्रश्नच मालिकेचा कणा होता. २०११ नंतर कणा गेला. कवटी येते ती कथानकाचं दार उघडण्यापुरती. मग कुणीतरी घरातल्या कुणाला तरी पळवतं. कधी ईव्ह, कधी तिच्या घरात पुढे आलेली मुलगी कारा. ईव्हने वाढवलेल्या जेनच्या जिवावर कुणीतरी उठलेलं असतंच. शोधाची गोष्ट गेली आणि कुटुंबावरच्या हल्ल्यांची साखळी राहिली.

कातळ

विदुलाताई, पूर्ण असहमत, आणि माझ्याकडे एकाच पुस्तकाचा पुरावा पुरेसा आहे. ‘टेकिंग ईव्ह’, २०१३. म्हणजे तुमच्या थांब्यानंतरचं.

डोन नावाचा एक बाप ईव्हला पळवून नेतो. त्याला पैसे नकोत, सूड तिच्यावर नाही. त्याच्याकडे जळालेली एक कवटी आहे, त्याच्या मुलाची, आणि त्याला तो चेहरा परत हवा आहे. हा मुलगा कोण होता? लहान मुलींना मारणारा. आता ईव्हची अवस्था बघा. जिची मुलगी अशाच माणसाच्या हातून गेली, तिनेच अशा माणसाचा चेहरा आपल्या बोटांनी घडवायचा, आणि तोही आपल्यासारख्याच मूल गमावलेल्या बापासाठी. बापाचं दुःख खरं आहे. तो वेडा आहे, क्रूर आहे, पण दुःख खरं आहे.

हे पुस्तक २०११ च्या आधी लिहिताच आलं नसतं. बॉनीचा प्रश्न उघडा असताना ईव्हने त्या कवटीत दुसरं काही पाहिलंच नसतं. प्रश्न सुटल्यामुळे ती त्या बापाकडे बघू शकते. तुम्ही ज्याला कणा जाणं म्हणता, तिथे मला मालिका मोठी होताना दिसते.

नीलमोहर

मला विदुलाच्या शेवटच्या वाक्यावर बोलायचंय. ‘कुटुंबावरच्या हल्ल्यांची साखळी राहिली’ असं ती म्हणते, जणू कुटुंब नंतर आलं. कुटुंब पहिल्यापासून आहे. ‘द किलिंग गेम’ १९९९ चं. त्यात दहा वर्षांची जेन येते, रस्त्यावर वाढलेली, कुणावर भरवसा न ठेवणारी. खुनी तिला मुद्दाम हेरतो, कारण ईव्हला ती लागून राहील हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणजे दुसऱ्याच पुस्तकात लेखिकेने विचारलेला प्रश्न असा आहे की मूल गेलेल्या बाईने दुसऱ्या मुलावर जीव लावावा का, आणि लावला तर पहिल्याचा अपमान होतो का.

ईव्ह जेनला बॉनीची जागा देत नाही. जेन ती मागतही नाही. त्या दोघींमधलं अंतर किती जपून लिहिलंय! जेन मोठी झाल्यावरही तिला वाटत राहतं की या घरात आपण दुसऱ्या आहोत, आणि ईव्हला ते कळतं आणि ती खोटं सांत्वन करत नाही. माझ्या मावशीने दत्तक मुलगी वाढवली. आमच्या घरात या विषयावर कधी कुणी मोकळेपणाने बोललं नाही. या पुस्तकांनी मला ते बोलणं ऐकवलं.

आणि ईव्हचा जोडीदार जो क्विन. ‘बॉडी ऑफ लाइज’ आठवा. ईव्हने बॉनी समजून जिला पुरलं ती बॉनी नव्हती. डीएनएच्या बाबतीत जो खोटं बोलला होता, आणि ते का, तर तिला एकदाचं शांत झोपता यावं म्हणून. हा माणूस एफबीआयमध्ये असताना याच प्रकरणामुळे तिला भेटला, सगळं आयुष्य तिच्या शोधाभोवती मांडून बसला, आणि प्रेमापोटी त्याच शोधाशी दगाफटका केला. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा गुन्हा मला तो वाटतो, आणि तो घरात घडला आहे.

विदुला

नीलमोहर, जोच्या खोटेपणाबद्दल तू लिहिलंस ते माझ्याच बाजूने जातं गं. तो दगा एवढा बोचतो कारण बॉनी अजून सापडायची आहे. तेव्हाचं कुटुंब त्या पोकळीभोवती उभं होतं. २०११ नंतर कारा येते, ईव्हचा मुलगा मायकेल जन्मतो, तळ्याकाठचं घर भरतं. मला त्यांचा आनंद हवाच आहे! पण भरलेलं घर बघून मी पुस्तक मिटू शकले असते. त्या घराला दर वर्षी आग लावायची काय गरज होती?

कातळ, डोनचं मान्य, पण ते एक झालं. पुढची दोन? ‘हंटिंग ईव्ह’ आणि ‘सायलेन्सिंग ईव्ह’ही २०१३ चीच. एका पुस्तकात मावणारी गोष्ट तीनांत ओढली. कॅथरीन लिंग आली, केंड्रा मायकेल्स आली. दोघींच्या स्वतःच्या मालिका आहेत. इथे त्या हातात हात घालून धावतात, आणि ज्या खोलीत ईव्ह त्या कवटीसमोर बसली आहे त्या खोलीतून आपल्याला सतत बाहेर नेलं जातं.

दंतकथा

मी दंतवैद्यक शिकवते, न्यायवैद्यक दंतशास्त्र हा त्यातला माझा विषय. म्हणून कामाच्या बाजूने बोलते.

चेहरा घडवण्याची अमेरिकेतली जी पद्धत ईव्हच्या हातात दिसते, तिच्यामागे ओक्लाहोमाच्या बेटी पॅट गॅटलिफचं मोठं काम आहे. या बाईंनी १९६७ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांच्यासोबत हे सुरू केलं. कवटीवर ठरलेल्या वीसेक जागी खोडरबराचे छोटे तुकडे चिकटवायचे. त्या त्या जागी त्वचा आणि मांस मिळून सरासरी किती जाडी असते त्याप्रमाणे प्रत्येक तुकड्याची लांबी. मग त्या तुकड्यांच्या उंचीपर्यंत माती भरत जायची. रशियात गेरासिमोव्ह यांनी एकेक स्नायू बसवत जाण्याची वेगळी वाट धरली होती. १९४१ मध्ये समरकंदला तैमूरची कबर उघडली तेव्हा त्याचा चेहरा त्यांनीच घडवला.

यात हाड किती सांगतं आणि किती सांगत नाही हे समजून घ्यायला हवं. नाकाच्या भोकाच्या रुंदीवरून नाकाचा अंदाज येतो, दातांवरून तोंडाच्या रुंदीचा. ओठ किती भरलेले, कानाची पाळी कशी, केस कसे, बाई जाड होती की वाळलेली, हे हाड सांगत नाही. म्हणून असा चेहरा ही ओळखीची हाक असते, पुरावा नसते. कुणीतरी बघून म्हणतं, ही आमची वाटते. मग दातांच्या नोंदी, एक्स-रे, डीएनए. शिक्कामोर्तब तिथे होतं.

मालिकेत ही मर्यादा हळूहळू पुसली गेली आहे. नंतरच्या पुस्तकांत ईव्हचा हात चुकतच नाही, जणू तिला दिसतं. माझा आक्षेप वर्षाला नाही, याला आहे. पहिल्या पुस्तकातली ईव्ह थकते, अडते, डोळे बसवण्याआधी थांबते. तिच्यावर माझा विश्वास बसला तो त्या थांबण्यामुळे.

आपल्याकडे मातीपेक्षा सुपरइम्पोझिशनचा वापर जास्त: कवटीची प्रतिमा आणि हयातीतला फोटो एकमेकांवर ठेवून हाडांचे बिंदू जुळतात का पाहायचं. २०१२ मध्ये पेण तालुक्यात सापडलेल्या अवशेषांचं प्रकरण २०१५ मध्ये उघड झालं तेव्हा हा शब्द घराघरांत पोचला. त्याला आधी कुणाचा तरी फोटो लागतो, म्हणजे संशय आधीच हवा. ईव्हचं काम उलट टोकाकडून सुरू होतं, जिथे कुणाचाच संशय नाही. म्हणून ते कथेला इतकं साजतं.

सांजपक्षी

दंतकथाताई, ‘जणू तिला दिसतं’ म्हणालात तिथेच माझं दुखणं आहे. भूत.

सुरुवातीला बॉनी ईव्हला स्वप्नात भेटायची, बग्ज बनीचं चित्र असलेल्या त्याच टीशर्टमध्ये. ईव्ह स्वतः म्हणायची की हा माझ्या मनाचा खेळ असेल. वाचक म्हणून मला दोन्ही शक्यता धरून ठेवता यायच्या आणि त्यात फार करुणा होती. मग जोला बॉनी दिसायला लागली. मग ‘शॅडो प्ले’त दुसऱ्याच एका मुलीचं, जेनीचं भूत आलं. मायकेल तर जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेला. हाडांवरून सत्य शोधणाऱ्या बाईच्या गोष्टीत मेलेलेच येऊन माहिती द्यायला लागले, तर मग माती मळायची कशाला?

नीलमोहर

सांजपक्षी, भुताने खुन्याचं नाव सांगून कोडं सोडवलं असतं तर मी तुझ्या बाजूने असते. बॉनी तसं करत नाही. ती आईजवळ बसते, काळजी करते, धीर देते. आईला शेवटपर्यंत स्वतःच शोधावं लागतं. आणि जोला ती दिसते तेव्हा तो आधी हादरतो, आपण वेडे झालो असं त्याला वाटतं. इतकी वर्षं ईव्ह त्या अनुभवात एकटी होती, आणि तो तिच्यासोबत तिथे येऊन पोचतो. तो प्रसंग तू नुसता भुताचा म्हणून कसा सोडून देतोस?

अपर्णा_जॉर्जिया

अटलांटाजवळ राहते, बरीच वर्षं. इथे बसून ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट मनातून जात नाही. १९७९ ते १९८१ या काळात या शहरात कृष्णवर्णीय मुलं आणि तरुण एकामागून एक नाहीसे होत होते. वीसहून अधिक जीव गेले. वेन विल्यम्सला १९८२ मध्ये शिक्षा झाली ती दोन प्रौढांच्या खुनांसाठी. मुलांच्या खुनांचा खटला त्याच्यावर कधी उभाच राहिला नाही, ती प्रकरणं त्याच्या नावावर धरून पोलिसांनी मिटवली. २०१९ मध्ये महापौर किशा लान्स बॉटम्स यांनी पुरावे पुन्हा तपासायचं जाहीर केलं, म्हणजे चाळीस वर्षांनी. त्यातल्या काही आया ‘आम्हाला नीट उत्तर मिळालेलं नाही’ असं सांगत राहिल्या.

एकाला शिक्षा झाली, फाइल बंद झाली, आणि आई मात्र तिथेच उभी. ईव्हची गोष्ट नेमकी इथून सुरू होते, आणि शहरही हेच. म्हणून विदुला, मला तुझं म्हणणं मनापासून पटतं की शोध हाच गाभा आहे. पण त्यातून ‘सापडली, आता थांबा’ असा निष्कर्ष मी काढत नाही. ‘स्मोकस्क्रीन’ (२०१९) घे. मालदारा या काल्पनिक आफ्रिकी देशात शाळेत मारल्या गेलेल्या मुलांच्या कवट्यांसाठी ईव्हला बोलावतात. तिला स्वतःसाठी आता काही शोधायचं नाही. तरी ती घर सोडून जाते, कारण तिथल्या आयांना आपलं मूल कोणतं ते हवं आहे.

दंतकथा

अपर्णा, ‘स्मोकस्क्रीन’बद्दल एक भर घालते. सामूहिक कत्तलीनंतर प्रत्यक्षात एकेका कवटीवर माती चढवत बसत नाहीत. तेच क्लाइड स्नो १९८४ मध्ये अर्जेंटिनात गेले, लष्करी राजवटीत गायब झालेल्यांचे अवशेष ओळखायला. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचा एक गट तयार केला. सांगाडे नीट उकरायचे, दात, जुनी मोडलेली हाडं, गोळीच्या खुणा घरच्यांच्या माहितीशी जुळवायच्या. १९८५ मध्ये सेनाधिकाऱ्यांच्या खटल्यात स्नो यांनी साक्ष दिली. त्या कामात नातेवाइकांशी बोलण्यात फार मोठा वेळ जातो: कधी हात मोडला होता का, कोणता दात काढला होता. मला जोहानसेनकडून ते हवं होतं. ईव्ह एखाद्या आईसमोर बसून हे विचारते आहे, असं एक पूर्ण प्रकरण. त्याऐवजी लवकरच सशस्त्र टोळ्या आणि पाठलाग सुरू होतो.

कातळ

दंतकथाताई, हे प्रकरण मी आत्ता वाचायला घेईन. पण पाठलाग नसता तर ही मालिका पंचवीस वर्षं चाललीच नसती. ती रहस्यकथा आहे, लोक रात्री जागून वाचतात.

विदुला

कातळ, पाठलाग मलाही हवाय. पहिल्या पुस्तकात काय थोडा आहे? लोगन तिच्याकडे कवटी घेऊन येतो तिथपासून श्वास घ्यायला उसंत नाही. पण त्या धावपळीतही सगळं त्या एका चेहऱ्यावर टेकलेलं आहे. माती पूर्ण होईपर्यंत तो कोण हे ईव्हला माहीत नाही, आपल्याला नाही, आणि चेहरा उभा राहिला की एका क्षणात सगळ्यांचं आयुष्य पालटतं. तिथे पाठलाग कामातून निघतो. ‘डार्क ट्रिब्यूट’मध्ये काराला पळवतात. त्या पुस्तकात ईव्हच्या पेशाने नेमकं काय केलं, सांगाल का? ती शिल्पकाराऐवजी शिक्षिका असती तरी काय बदललं असतं?

आणि अपर्णा, तुझं मालदाराचं उदाहरण माझ्या मनात घर करून राहणार आहे. ती स्वतःसाठी काही शोधत नाही तरी जाते, हे खरंच सुंदर आहे. मला तसली पाच पुस्तकं दिली असती तर हा धागा मी काढला नसता. मिळालं ते एक, आणि त्याच्या आजूबाजूला घरावरचे हल्ले.

नीलमोहर

‘डार्क ट्रिब्यूट’ काराचं आहे, ईव्हचं नाही. काराने आपल्या बहिणीला, जेनीला गमावलं, आणि जेनीचा चेहरा ईव्हने घडवला म्हणून तर ती या घरात आली. हे नातंच एका कवटीपासून सुरू झालंय. पेशा त्या पुस्तकात टेबलावर दिसत नसेल, पण कारा व्हायोलिन घेऊन उभी राहते ती ज्या घरातून, ते घर त्या कामाने जमवलेलं आहे. जेन, कारा, सगळीच. विदुला, तू ‘शॅडो प्ले’ परत वाच, काराचं सापडणं ते तिचं घरात राहणं एवढाच भाग. मग बोलू.